गाडी दोन दहाची, मधे घाट

शुक्रवार, रात्री साडेदहा

आज पायडलला पाय लावला नाही, तरी दमले. सगळा वेळ उलटं मोजण्यात गेला. परवा सायकलने घाट ओलांडून गाडी गाठायची आहे, ती दुपारी २.१०ला सुटते. सायकल सामानाच्या डब्यात द्यायची की चाकं काढून पिशवीत बांधायची, हा नियम गाडीगणिक बदलतो. ते आधीच विचारून घेतलं आहे, तरी फलाटावर दीडला हवीच. घाट उतरल्यावरचं सपाट १४ किलोमीटर, ताशी २० ने ४२ मिनिटं. त्याआधीचा उतार १६ किलोमीटर, चाळीस मिनिटं. म्हणजे माथ्यावरची खिंड सोडायची ती फार तर १२.०५ला.

खरा हिशोब चढाचा. अठरा किलोमीटरमध्ये ९०० मीटर. मी, सायकल आणि पिशवी मिळून ७५ किलो. एवढं वजन तेवढं वर न्यायला साधारण ६६० किलोज्यूल लागतात, आणि माझे पाय तासन्‌तास १३० वॉटच्या वर जात नाहीत. टायरचं घर्षण आणि हवा त्यातलाही वाटा घेतात. उत्तर आलं पावणेदोन तास. थांबे धरून दोन. गंमत म्हणजे चढ कुठे तीव्र आणि कुठे सौम्य, याने एकूण वेळ फारशी बदलत नाही. उंची तेवढीच, ताकद तेवढीच. बदलतो तो गुडघ्यांचा मूड.

शेवटचे चार किलोमीटर आठ टक्क्यांचे आहेत, म्हणजे शंभर मीटरला आठ मीटर वर. तिथे माझा वेग ताशी सातच्या आसपास येणार. साखळीच्या पुढच्या चक्राला ३४ दाते, मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला २८, म्हणजे मिनिटाला पायडलचे जेमतेम ४८ फेरे. पायडल मारणं कसलं, जिने चढणंच ते. मागचा डिरेलर, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, पेलेल याची खात्री करून मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे चक्रांचा संच, बसवली, आता ५८ फेरे होतील. हात अजून काळे आहेत.

पंक्चर, रस्त्याची डागडुजी, माझा आळस यांसाठी जवळजवळ दोन तास शिलकीत धरून सव्वासातला निघायचं ठरलं होतं. पायथ्यापर्यंत वीस किलोमीटर, एक तास. तेवढ्यात बाबांनी विचारलं, "आणि नाहीच पोचलीस तर?" मी म्हटलं, पोचेन हो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मागच्या वेळी दुसऱ्या एका खिंडीच्या अलीकडे मी नेमकी इथेच फसले होते. उशीर झालाय हे चढतानाच कळत होतं, पण माथा पुढच्याच वळणावर दिसायचा. मग उतारावर वेळ भरून काढायला गेले. माथ्यावर खालच्यापेक्षा पाच-सहा अंशांनी गार असतं, सदरा घामाने ओला, त्यात वारा. बोटं इतकी बधिर झाली की ब्रेक दाबतोय की नुसता धरलाय, हेच कळेना. थांबून हात काखेत घालून बसावं लागलं. गाडी अर्थातच गेली.

म्हणून या वेळी मागे फिरायची वेळ माथ्याला नाही, अर्ध्या चढाला लावली आहे. सव्वादहापर्यंत अर्धी उंची गाठली नाही, तर सायकल वळवायची. माथ्याजवळ माझं डोकं चालत नाही, हे मला माहीत आहे. जाकीट आणि हातमोजे पिशवीत सगळ्यात वर. ब्रेक सारखा धरून ठेवायचा नाही, रिम तापते. वळणाआधी दाबायचा, मग सोडायचा.

आणि हे सगळं नीट लिहून झाल्यावर लक्षात आलं की वाऱ्याचा विचारच केलेला नाही. ऊन पडलं की डोंगरउतार तापतात आणि दुपारकडे वारा दरीतून वर वाहू लागतो. मी त्याच दरीतून खाली येणार, म्हणजे ते १४ किलोमीटर तो समोरून लागणार. ताशी २० विसरा, १५ धरा. ४२ची झाली ५६ मिनिटं. पुन्हा सगळं खोडलं. खिंड ११.५०, अर्धा चढ दहा, निघायचं सातला.

गजर पावणेसहाचा लावला. पुढच्या चाकात हवा भरायची राहिलीये, पण पंपाचा आवाज ऐकून आता सगळं घर उठेल. उद्या.