बुशक्राफ्टचा चाकू : एका साध्या उत्तरासाठी पाहिलेली वाट

बुशक्राफ्टसाठी, म्हणजे रानात मोजक्या अवजारांवर राहण्या-काम करण्यासाठी, चाकू कसा हवा ते माझं पक्कं होतं. साधारण १० सेंटिमीटर लांब पातं, जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास, घडीचा नाही आणि स्कँडी ग्राइंड (पात्याला धारेकडे उतार देण्याची एक पद्धत). या ग्राइंडची रुंद उतरती बाजू दगडावर सपाट टेकते, त्यामुळे धार लावताना कोन सांभाळायला सोपं जातं.

अडलं ते विक्रेत्यापाशी. जाहिरातीत लिहिलेलं 'हाय कार्बन सर्जिकल स्टील'. यातून काय कळणार? पोलाद १०९५ या प्रतीचं असेल तर त्यात कार्बन सुमारे ०.९५ टक्के, धार झटपट लागते, पण ओला ठेवला की गंज चढतो. डी२ असेल तर धार खूप टिकते, पण एकदा गेली की परत आणताना हात भरून येतात. १२सी२७ असेल तर क्रोमियम साडेतेरा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ओलीतही निर्धास्त. मी सरळ विचारलं, पोलाद कोणतं, कडकपणा किती एचआरसी (पोलादाच्या कडकपणाचं रॉकवेल माप), टँग, म्हणजे पात्याचा मुठीत शिरणारा भाग, कुठवर जातो? उत्तर आलं, 'प्रीमियम क्वालिटी आहे, बिनधास्त घ्या.' पुन्हा विचारलं तर फोटो पाठवले. मग 'कंपनीला विचारून कळवतो' म्हणाले आणि गप्प. मला अजूनही राग येतो, कारण टँग मुठीच्या आत दडलेला असतो. तो बारीक शेपटीसारखा निघाला तर लाकूड फोडताना नेमका तिथेच तुटतो, आणि तेव्हा हात जवळ असतो.

शेवटी ज्यांनी सगळं आधीच लिहून ठेवलं होतं त्यांच्याकडून घेतला : १०९५, ५८ ते ६० एचआरसी, फुल टँग, म्हणजे मुठीच्या टोकापर्यंत गेलेला. केवढं हायसं वाटलं!

पात्याची पाठ काटकोनी आहे का, हेही विचारा. गोल पाठीने फेरो रॉडवर (घासून ठिणग्या पाडायची धातूची कांडी) ठिणगी नीट पडत नाही. लाकूड फोडताना पाठीवर लाकडी दांडक्यानेच ठोका, दगडाने नाही, आणि गाठ टाळा. धार लावताना दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीभर बारीक बर (धारेवर वळून आलेली धातूची कड) हाताला लागेपर्यंत बाजू पालटू नका. मनगटाएवढी फांदी आडवी कापायची तर चाकू नको, घडीची करवत घ्या. आणि काम झालं की पातं पुसून तेलाचा हात फिरवा. चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं.