रुंद हँडलबार आणि तपासनिसाची बोटे

जर्मनीत क्रूझर मोटरसायकलचा हँडलबार बदलणे हे नुसते पान्याचे काम नाही. मूळ उंच, मागे वळलेला हँडलबार काढून मी कमी उंचीचा आणि अधिक रुंद हँडलबार बसवला, तेव्हा त्याच्यासोबत आलेल्या तांत्रिक अहवालात स्पष्ट बजावले होते, की बसवल्यावर गाडी लगेच अधिकृत तपासनिसाकडे न्यावी, नाहीतर तिची रस्त्यावरची मान्यताच संपुष्टात येऊ शकते. एका नळीसाठी एवढा खटाटोप कशाला, म्हणून मी चिडलो होतो. प्रत्यक्ष तपासणी पाहिल्यावर तो राग उरला नाही.

तपासनिसाने हँडलबार सावकाश एका टोकापर्यंत वळवला आणि क्लचचा लिव्हर व टाकी यांच्यामधून स्वतःची बोटे सरकवून पाहिली. मग दुसऱ्या टोकाला ब्रेकच्या बाजूनेही तसेच केले. हँडलबार खाली आला, की सर्वांत आधी हीच जागा आक्रसते, आणि तिथे बोटे चेपली, तर गाडी हळू वळवत असताना नेमकी पकड सुटते. त्यानंतर त्याने केबली तपासल्या. त्या उंच हँडलबारच्या मापाच्या असल्यामुळे आता त्यांचा फुगीर वळसा पडतो. तो स्टिअरिंगपाशी दाबला जाता कामा नये, आणि ब्रेकचा होज कुठेही ताणला किंवा घासला जाता कामा नये. शेवटी इंजिन चालू ठेवून त्याने हँडलबार दोन्हीकडे पूर्ण वळवला आणि रेस आपोआप वाढते का, ते कान देऊन ऐकले.

ही शेवटची कसोटी मी आपल्याकडच्या मेकॅनिककडून फार पूर्वी शिकलो होतो, आणि ती इथे तशीच होताना पाहून मला मनापासून अभिमान वाटला. आपल्या कारागिरांना काही कळत नाही, असे इथे कोणी सुचवले, तर मी ते ऐकून घेणार नाही. उणीव आहे ती व्यवस्थेत. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील अशा बदलांना मनाई करते, पण चांगल्या हाताने केलेला बदल तपासून मान्य करून घेण्याची सोपी वाट सामान्य चालकाला सापडत नाही.

रुंदीमुळे तरफेचा जोर वाढतो आणि जड गाडी कमी श्रमात वळते. उंची घटल्याने मात्र शरीर पुढे झुकते, तळहातांवर भार येतो, म्हणून लिव्हरचा कोन मनगट सरळ राहील असा नव्याने लावावा लागला. पूर्ण वळणावर बाहेरचा हात ताणला जाऊन खांदा ओढला जात असेल, तर रुंदी आपल्याला जास्त आहे असे समजावे. हँडलबारची टोके सारखी कापून ती कमी करता येते, पण नवे माप अहवालातील मर्यादेत बसते का, हे करवत लावण्याआधी पाहावे.