सूर्यछाप रुपया आणि पाण्याचा ग्लास

दिवाळी जवळ आली की इंदूरच्या सराफ्यात देवघरांतली नाणी बाहेर येतात. त्या दुपारी एक ताई मुलाला घेऊन माझ्या दुकानात आल्या. बटव्यात बहुतेक राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे रुपये, आणि त्यांतच एक मल्हारनगरचा, म्हणजे इथल्याच टांकसाळीचा: मुघल बादशहा शाह आलमचं नाव फारसीत, दुसऱ्या बाजूला किरणांचा सूर्यमुख. बाकावर बसलेल्या एका संग्राहकाने लगेच हात पुढे केला. "ताई, हा मला द्या. काय घ्याल?"

मी त्या संग्राहकाला थांबवलं. व्यवहार चालू असताना तिसऱ्याने भाव बोलायचाच नाही. आपल्याकडे काय आहे हे विकणाऱ्याला कळण्याआधी कानावर पडलेला आकडा डोक्यात बसतो. मग तो कमी असो की जास्त, पुढचं बोलणं बिघडतं. शेजारचे काकाही वर्षानुवर्षं सूर्यछाप जमवणारे, पण ते ट्रेकडे बघत गप्प बसून राहिले. त्यांना मी म्हणूनच मानतो.

राणीछापांतल्या एकावर 'एम्प्रेस' आणि साल १८६२. व्हिक्टोरियाच्या रुपयावर 'एम्प्रेस' आलं १८७७ पासून, त्याआधी 'क्वीन'. "खोटं" हा शब्द मी गिऱ्हाइकासमोर आधी उच्चारत नाही, कारण घरातल्या कुणावर तरी संशय जातो. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य केलं, नाणं दोऱ्याने बुडवलं, तळाला न टेकवता. कोरडं वजन १०.२० ग्रॅम, पाण्यातला आकडा, म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, १.१९; भागाकार, म्हणजे घनता, ८.५७. शेजारचा खरा, झिजलेला रुपया: ११.४० आणि १.१०, म्हणजे १०.३६. नवा असताना तो ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. नाण्याला बुडबुडा चिकटला तर आकडा फुगतो आणि खरंही खोटं ठरतं, म्हणून ओल्या बोटाने ते आधी पुसून घ्यावं. मुलाने स्वतः भागाकार केला: 'एम्प्रेस'वाल्याची घनता खऱ्या रुपयापेक्षा बरीच कमी, म्हणजे धातू तो नव्हेच. मला काही सांगावं लागलं नाही.

सूर्यछापाचा भाव मी वेगळा सांगितला. चांगलं नाणं ढिगात घालून एकगठ्ठा बोली लावणं ही सरळ लबाडी आहे. ताईंनी तो विकायचा नाही असं ठरवलं. तेव्हा कुठे काका बोलले, "ताई, फोटो घेऊ का?" होकार मिळाल्यावर मखमलीच्या ट्रेवर, कडेने धरून, दोन्ही बाजूंचे फोटो घेतले. जाताना काकांनी मुलाला बजावलं: चिंच, राख, भांड्यांची पावडर काही लावायचं नाही, आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटात तर मुळीच ठेवायचं नाही, हिरवा चिकट थर धरतो.