छज्ज्यांचा नाद

माझ्या फोनमध्ये हल्ली माणसांपेक्षा छज्जे जास्त साठलेत. बहिणीने परवा एक फोटो उलटासुलटा करून पाहिला. पांढऱ्या भिंतीचा तुकडा, निळ्या आकाशाचा त्रिकोण आणि दोन्हींच्या मधे सावलीची काळी रेघ. "यात बिल्डिंग कुठंय गं?" प्रश्न रास्त होता. बिल्डिंग फ्रेमच्या बाहेर ठेवण्यातच माझा सगळा वेळ गेला होता.

मुंबईत असा फोटो काढायचा म्हणजे गाळत जायचं. ग्रिल नको, एसीचं बाहेरचं यंत्र नको, कबुतरांची जाळी नको, केबलच्या वायरी तर नकोतच. बरं, लांब जाऊन उभं राहावं, तर लांब जायला जागा कुठंय? मान वर करून जवळून काढावा, तर अख्खा टॉवर पाठीमागे कलंडतो. ल्यूसियँ हेर्व्हे हा मूळचा हंगेरियन छायाचित्रकार 1949 पासून वास्तुकार ल कॉर्बुझिएच्या इमारती टिपत असे, अगदी चंदीगडपर्यंत. तो छापलेल्या फोटोला सरळ कात्री लावायचा. हवा तेवढा कोन आणि हवी तेवढी सावली राहिली की बाकीचं जाऊ दे. कात्रीचं काम आता बोटं करतात.

या नादापायी पेडर रोडला 'कांचनजंगा'खाली बराच वेळ उभी असते. वास्तुकार चार्ल्स कोरिआंची ही इमारत 1983 मध्ये पूर्ण झाली. पाया 21 मीटरचा चौरस, उंची 84 मीटर, म्हणजे बरोबर चौपट. खरवसाच्या वडीचा कोपरा चमच्याने उचलावा तसे तिचे कोपरे मधूनमधून काढलेले आहेत. फोटोत हे निव्वळ भूमितीचं सौंदर्य वाटतं. प्रत्यक्षात तो व्हरांडा आहे. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो आणि समुद्रही तिकडेच दिसतो; पण दुपारनंतरचं ऊन आणि पावसाची झोडही तिकडूनच. जुन्या बंगल्यांना म्हणून चारी बाजूंनी व्हरांडे असत. कोरिआंनी तोच व्हरांडा दोन मजले उंच करून कोपऱ्यात बसवला. शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनने मला एकदा विचारलं, "मॅडम, फ्लॅट बघताय का?" म्हटलं, "नाही हो मामा, कोपरा बघतेय." त्यांनीही वर पाहिलं आणि "पाऊस आत येत नसेल तिथं," एवढंच म्हणाले. वास्तुकलेच्या पुस्तकात याला दोन पानं लागतात.

तेव्हापासून सावल्यांचा हिशेब लागला. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेला कललेला असतो. दोन फुटी छज्ज्याची सावली दक्षिणेच्या भिंतीवर जेमतेम सव्वादोन फूट उतरते. मग ती रोज थोडी लांबत जाते. मेच्या मध्यावर, साडेबाराच्या सुमारास सूर्य मुंबईच्या अगदी डोक्यावर येतो. आपल्या पायाखालची सावली गायब होते आणि छज्ज्याची मात्र थेट भिंतीच्या तळापर्यंत पोचते. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींचे कोपऱ्यावरून वळलेले छज्जे तर याच उन्हासाठी नि पावसासाठी केलेले. 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले म्हणून काही त्यांचं काम थांबलेलं नाही.

काचेच्या टॉवरशी माझं जमत नाही, ते यामुळेच. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, जाऊन पाहिलं. भिंतीतून काही पुढे आलेलंच नसतं, मग सावली पडणार कशाची? तिथले माझे सगळे फोटो ढगांचे निघाले. ढग चांगले होते, पण ते फुकटचे. शिवाय पश्चिमेकडची काच दुपारनंतर तापणार आणि आत एसी घरघरणार.

पावसाळ्यात सावल्यांचा धंदा बंद. जुलैच्या अखेरीस सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण ढगांमुळे दिसला तर नशीब. तेव्हा मी ओघळ टिपते. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडायला एक बारीक चर ठेवतात. जिथे गवंड्याने ती ठेवलेली नसते तिथे पाणी उलटं भिंतीकडे सरकतं आणि शेवाळाच्या काळ्या उभ्या रेघा उमटतात. ऑक्टोबर लागला की त्याच भिंतीवर बांबूची परांची चढते आणि महिनाभर नुसते चौकोनच चौकोन. फक्त सोसायटीने वरून हिरवी जाळी टाकायच्या आत पोचलं पाहिजे.