लाइन लांब असू द्या, पण सरळ असू द्या

मे महिन्यात पुण्यातल्या घराघरांत एकच चर्चा असते, पोरांना कुठेतरी न्यायचंय. महाबळेश्वर नको कारण पसरणी घाटात गाड्या अडकतात, कोकण नको कारण उकाडा सोसत नाही, मग फिरून फिरून सगळे थीम पार्क नाहीतर वॉटर पार्कवर येतात. आमच्या लहानपणी हे एवढं सोपं नव्हतं, एस्सेलवर्ल्ड १९८९ ला सुरू झालेलं, पण पुण्याहून जायचं म्हणजे आधी मुंबई गाठा मग बोटीने गोराई, त्यामुळे शाळेची ट्रिप गेली तरच. आता एका दिवसात जाऊन येता येतं म्हणून सगळेच जातात, आणि सगळे एकाच रविवारी जातात, आणि मग दिवसातला सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो तर लाइनीत. त्यावर लोक म्हणतात गर्दीच एवढी होती, पार्कवाले तरी काय करणार. मला हे अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही तेच आज लिहायचंय.

लाइन असण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. आषाढीला पंढरपुरात दर्शनबारी पार गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते, लोक रात्र रात्र उभे असतात, कोणी अभंग म्हणतंय, कोणी बसल्या जागी डुलकी काढतंय, माझी आजी पंचाहत्तरीत त्या बारीत उभी राहून आलेली आणि पाय सुजले तरी तोंडातून एक शब्द तक्रारीचा नव्हता. कारण बारी म्हणजे बारी, पुढचा सरकला की आपण सरकणार एवढा भरवसा असतो. आणि तिथेही लोक खवळतात ते कधी, तर बाजूच्या दाराने कोणा व्हीआयपीला आत सोडलं की. म्हणजे माणूस थांबायला तयार असतो हो, त्याला फसवलेलं चालत नाही.

ह्या वेळी आमच्याबरोबर ताई, दाजी आणि भाची होती. दाजी चाकणला एका कंपनीत प्रॉडक्शनला आहेत, दिवसभर सायकल टाइम (एका फेरीला किती वेळ लागतो) आणि बॉटलनेक (काम कुठे तुंबतं) ह्याच गोष्टी. रोलर कोस्टरच्या लाइनीत शेवटचं वळण येतं ना जिथून प्लॅटफॉर्म दिसायला लागतो, तिथे त्यांनी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. एक ट्रेन सुटली की चालू, पुढची सुटली की बंद. वीस सीटची ट्रेन आणि दोन ट्रेनमधलं अंतर निघालं साडेतीन मिनिटं. मी म्हटलं राइडच तेवढी असेल. तर म्हणाले, "राइड दीड मिनिटाची आहे, बाकी सगळा वेळ चपला न् टोप्या काढण्यात चाललाय, बघा तुम्ही."

बघितलं, आणि खरंच तसंच होतं. गेट उघडलं की सगळे आत धावतात, बसतात, आणि बसल्यावर त्यांना सांगितलं जातं की चप्पल, टोपी, गॉगल, मोबाइल सगळं काढून पलीकडच्या रॅकमध्ये ठेवा. मग बसलेले वीसच्या वीस लोक परत उठतात. एक काका कमरेचा पाऊच सोडत होते, त्याचा बकल निघेना, मागे त्यांची बायको पर्स कोणाकडे देऊ म्हणून उभी. पाच जणांचा एक ग्रुप होता, दोन-दोनच्या सीट, पाचव्याला अनोळखी माणसाशेजारी बसायचं नाही, मग ती एक सीट रिकामीच गेली. सीटवरचा सेफ्टी बार खाली ओढून चेक करायला एकच मुलगा, तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातोय, आणि मध्येच कोणाचा बार परत उघडला की पुन्हा पहिल्यापासून. त्या मुलाबद्दल मला काही म्हणायचं नाही, चेकिंगला लागेल तेवढा वेळ लागूच दे, तिथे कोणीही घाई करू नये, पण हीच चपला-टोप्यांची सूचना लाइनीतच पाच मिनिटं आधी द्यायला काय लागतं? एक बोर्ड आणि एक माणूस. बास.

दाजींचं गणित साधं होतं. साडेतीन मिनिटाला एक ट्रेन म्हणजे तासाला सतरा, वीस सीटप्रमाणे ३४० माणसं, पण रिकाम्या सीट धरल्या तर २८० च्या आसपास. आमच्या पुढे तेवढीच माणसं असतील तर तास गेला. तीच ट्रेन दोन मिनिटाला सुटली आणि भरून सुटली तर तासाला ६००, म्हणजे तीच गर्दी, तेच ऊन, आणि आपण अर्ध्या तासाच्या आत राइडवर. ह्याला लिटल्स लॉ म्हणतात म्हणे, जॉन लिटल म्हणून होते, पुढे अमेरिकेतल्या एमआयटीत प्रोफेसर झाले, त्यांनी १९६१ मध्ये ते सिद्ध केलं, दाजींना कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. लाइनीतली माणसं म्हणजे दर तासाला आत येणारी माणसं गुणिले प्रत्येकाला थांबावं लागणारा वेळ, झालं. पण त्यातून कळतं काय, की लाइनीची लांबी बघून काहीच कळत नाही, तासाला किती माणसं सुटतायत ते बघायचं. आणि प्लॅटफॉर्मवर उशीर झाला तर तो तिथेच संपत नाही, कारण रोलर कोस्टरचा ट्रॅक तुकड्या-तुकड्यांत वाटलेला असतो आणि एका तुकड्यात एका वेळी एकच ट्रेन येऊ शकते, त्यामुळे मागची ट्रेन बाहेर ब्रेकवर थांबून राहते, त्यातली माणसं राइड संपूनही उन्हात बार लावून बसलेली. हे आम्ही डोळ्यांनी बघत होतो.

रिकाम्या सीटला उपाय परदेशातल्या मोठ्या पार्कांत कधीच काढलेला आहे, सिंगल रायडरची वेगळी लाइन. ज्याला एकट्याने कुठेही बसायला चालतं त्याने तिकडे उभं राहायचं, सीट उरली की त्याला बोलवायचं. कॉलेजच्या पोरांना हे किती आवडेल विचार करा.

दुसरी गोष्ट म्हणजे सांगणं. किती वेळ लागेल ते सांगा ना! डिस्नीवाले प्रत्येक राइडच्या बाहेर वेळ लिहितात, आणि बऱ्याचदा थोडी जास्तच लिहितात म्हणजे माणूस आधी पोचला की खूश. लाइनीत थांबणाऱ्यांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या डेव्हिड मेस्टर ह्यांनी १९८५ मध्येच मांडून ठेवलंय की किती थांबायचं हे माहीत नसलं तर थांबणं जास्त लांब वाटतं, रिकामं उभं असलं तर लांब वाटतं, आणि अन्याय होतोय असं वाटलं तरी लांब वाटतं. आमच्या लाइनीत तिन्ही गोष्टी होत्या. पत्र्याखाली पंखा बंद, बोर्ड नाही, आणि कोणाला विचारलं तर "बस पंधरा मिनिट", अर्ध्या तासाने विचारलं तरी "बस पंधरा मिनिट". पुढच्याला खरं सांगितलं असतं की सव्वा तास आहे तर तो आधी जेवून आला असता ना, लाइनपण तेवढी कमी झाली असती. जगात लोक दहा-दहा तासपण थांबलेत, अमेरिकेत ऑरलँडोच्या युनिव्हर्सल पार्कमध्ये १३ जून २०१९ ला नवीन कोस्टर उघडलं तेव्हा वेळ दहा तासांवर गेला होता, पण तो बोर्डवर लिहिलेला होता, ज्याला थांबायचं होतं तो समजून उमजून थांबला.

आता फास्ट ट्रॅकचं, म्हणजे जास्त पैसे देऊन लाइन टाळायच्या तिकिटाचं बोलते कारण ह्यावर माझ्या घरीच दोन पार्ट्या आहेत. ताई म्हणते ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने द्यावेत, आपल्याला काय. पण आपल्याला काय कसं? ट्रेनच्या वीस सीटमधल्या दहा जास्त पैसेवाल्यांना दिल्या की आपली लाइन निम्म्या वेगाने सरकणार, म्हणजे जो वेळ ते विकतात तो आपला असतो. डिस्नीने १९९९ मध्ये फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता, प्रत्येकाला मिळायचा, अमुक वेळेला परत या असा कागद घ्यायचा आणि तोवर फिरायचं. २०२१ मध्ये तो बंद करून त्याच्या जागी पैशांचा प्रकार आणला आणि तिथलेही लोक ह्यावर नाराज झाले. मी म्हणत नाही की बंदच करा, म्हातारी माणसं असतात, लहान बाळं असतात, ज्याला उभं राहणंच शक्य नाही त्याच्यासाठी तर वेगळी सोय पाहिजेच, आणि ती फुकट पाहिजे. बाकीच्यांसाठी विकत असाल तर किती सीट विकणार ते तिकिटाच्या खिडकीवरच लिहा. मी तिकीट काढतानाच ठरवीन यायचं की नाही.

आणि मग घुसणारे. एक जण लाइनीत आणि अकरा जण आइस्क्रीम खातायत, नंबर जवळ आला की "एक्सक्यूज मी, पुढे आमची माणसं आहेत" करत रेलिंगखालून सगळे आत. आमच्या पुढे एक बाई अशाच शिरत होत्या, म्हणाल्या पुढे मिस्टर उभे आहेत. ताई एरवी कोणाला काही बोलत नाही पण त्या दिवशी म्हणाली, "मग मिस्टरांना मागे बोलवा, आपण सगळे मिळून थांबू." मागच्या लोकांनी आवाज लावून धरला आणि त्या खरंच मागे गेल्या. मला त्याचा इतका आनंद झाला की काय सांगू. एकाला वॉशरूमला जाऊन यायचं असेल तर जाऊ दे बिचाऱ्याला, पोरांना तर धरवतच नाही, पण अख्खं कुटुंब आत घेणं म्हणजे मागच्या पोरांच्या वाटणीचा वेळ चोरणं आहे, मी ह्याला दुसरा शब्द वापरणार नाही.

हे सगळं झालं चिडचिडीचं. पण मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे, ती म्हणजे पळापळीची. लोकांना लाइनीवर भरवसा नसला की ते लाइन लावतच नाहीत, ते पळतात. सकाळी गेट उघडताना, वेव्ह पूलचा भोंगा वाजला की, नवीन राइड सुरू झाली की. पुण्याजवळच्या एका पार्कात आम्ही गेटवर होतो, एकच फाटक उघडलेलं, मागून रेटा, आणि भाची आठ वर्षांची, तिचं तोंड बरोबर पुढच्या माणसाच्या सॅकवर दाबलेलं. ती रडतपण नव्हती, नुसती वर बघत होती, तोंड उघडं. दाजींनी तिला खेचून खांद्यावर घेतलं आणि आम्ही तिरकं तिरकं करत भिंतीकडे निघालो. ओरडून सांगत होतो मागे सरा म्हणून, पण मागच्याला पुढचं काही दिसतच नाही, त्याला वाटतं पुढे जागा आहे.

मोठ्या दुर्घटना अशाच होतात. एका चौरस मीटरमध्ये पाचाच्या वर माणसं गेली की धोका सुरू होतो, आणि सहा-सातवर तुम्ही स्वतः चालतच नाही, गर्दी तुम्हाला नेते. माणसं बहुतेक वेळा पायाखाली येऊन नाही जात, उभ्या-उभ्या छाती दाबली जाऊन श्वास घेता येत नाही म्हणून जातात. आपल्याकडे हे कोणाला नव्याने सांगायला नको, २५ जानेवारी २००५ चं मांढरदेवी आठवतं, अडीचशेहून जास्त माणसं गेली, एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ ला पावसात अरुंद जिन्यावर लोक अडकले आणि तेवीस जण गेले, आणि ती रोजच्या कामाला निघालेली साधी माणसं होती. पार्क म्हणजे मजेची जागा, तिथे काय होणार असं वाटतं, पण गर्दीला ती मजेला आलीय की कामाला ते कळत नाही.

म्हणून मुलं बरोबर असतील तर हे घरातच सांगून ठेवा. रेटा आला तर उलटं ढकलायचं नाही, रेट्याबरोबर जात जात तिरकं कडेला सरकायचं. दोन्ही हात छातीसमोर धरायचे, कोपरं पुढे, म्हणजे श्वासाला जागा राहते. चप्पल पडली, मोबाइल पडला, काहीही पडलं तरी वाकायचं नाही, खाली गेलं की उठता येत नाही. लहान पोराला वर उचला, पण आधी कडेला जायची वाट बघून ठेवा. आणि गेट उघडायच्या वेळी अगदी पुढे उभं राहूच नका, दहा मिनिटं उशिरा गेलात तर कुठलीही राइड पळून जात नाही.

पार्कवाल्यांना करायला फार नाहीये. डिस्नीत सकाळी कर्मचारी समोर दोर धरून चालतात, गर्दी त्यांच्या मागे चालते, कोणाला पळताच येत नाही. चार गेट असतील तर चारही उघडा. वेव्ह पूलला भोंग्याऐवजी लाटांच्या वेळा सकाळीच लिहून लावा, म्हणजे लोक आधीपासून येऊन बसतील. गणपतीत आपल्याकडे मंडळांची पोरं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दोर धरून आत जायचा आणि बाहेर यायचा रस्ता वेगळा ठेवतात, एक पैसा न घेता. तिकिटाचे एवढे पैसे घेणाऱ्यांना हे जमत नाही हे मला मान्यच नाही. मी त्या गेटबद्दल त्यांना मेल केलाय, दाजींनी काढलेल्या वेळांसकट, उत्तर अजून नाही आलं, आलं तर इथेच टाकीन.

आमचं पुढचं दिवाळीच्या सुट्टीतच आहे, पण भाऊबीज झाल्यावर, मधल्या वारी, शनिवार-रविवार सोडून. आधी मोठी राइड, जेवण सगळे जेवतात तेव्हा नाही तर साडेअकरालाच, आणि पुन्हा एक मोठी राइड अगदी शेवटी, कारण बऱ्याच ठिकाणी बंद व्हायच्या वेळेआधी लाइनीत शिरलेल्याला राइड मिळते आणि तेव्हा लाइन निम्मी झालेली असते. तुम्ही कुठल्या पार्कात बाहेर वेळेचा बोर्ड किंवा सिंगल रायडरची लाइन बघितली असेल तर नक्की सांगा, आम्ही तिकडेच जाऊ.