कुलूप लागणारा रस्ता

मी अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये भर जानेवारीत कोट न घालता ऑफिसला जाते. नवीन माणसाला ही बढाई वाटते. बढाई कसली! आम्ही राहतो ती इमारत स्कायवेला जोडलेली, ऑफिसचीही जोडलेली. लिफ्टने स्कायवेच्या मजल्यावर यायचं आणि चालायला लागायचं. बाहेर उणे अठरा असो नाहीतर उणे पंचवीस, आत साधा कुर्ता पुरतो.

स्कायवे म्हणजे रस्त्याच्या डोक्यावरून एका इमारतीतून दुसरीत नेलेला, काचेने बंद आणि आतून गरम पूल. एकाला एक जोडत डाउनटाउनचे सुमारे 80 ब्लॉक असे बांधले गेलेत. सगळं मिळून साडेनऊ मैल, म्हणजे पंधरा किलोमीटरच्या आसपास. मध्ये बँका, दाताचे दवाखाने, केस कापायची दुकानं, ड्राय क्लीनर आणि जेवणाचे असंख्य काउंटर लागतात. सकाळी आत कोण कुठून आलं ते पायांवरून कळतं. बसने येणाऱ्यांच्या पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट, त्यांच्या कडेला रस्त्यावर बर्फ वितळायला टाकलेल्या मिठाची पांढरी रेघ, आणि ऑफिसचे बूट पिशवीत. उपनगरातून गाडीने येणारे कोट रॅम्पमध्ये गाडीतच टाकून येतात (पार्किंगच्या इमारतीला इथे सगळे रॅम्पच म्हणतात). आमच्यासारखे इथेच राहणारे तर घरातल्या घरात हिंडल्यासारखे.

30 जानेवारी 2019 ला पारा उणे 33 सेल्सियसपर्यंत उतरला होता. शाळा बंद, आणि पोस्टानेसुद्धा त्या दिवशी टपाल वाटलं नाही. मी मात्र दुपारी शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या लोकांच्या रांगेत सूपसाठी उभी होते. खाली चौकात बसथांब्यावर दोन माणसं वाऱ्याकडे पाठ करून उभी होती. काचेतून त्यांची तोंडं दिसत नव्हती, नुसती वाफ दिसत होती. तेव्हा मला आपण नशीबवान वाटलो, आणि थोडं ओशाळायलाही झालं. दर हिवाळ्यात असा एखादा दिवस येतोच.

या वर्षी सासूबाई आल्यात. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि बाहेर फुटपाथवर बर्फाचा गुळगुळीत थर. म्हणून त्यांचं चालणं स्कायवेत. मी त्यांना नकाशा दिला होता, तो त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला तो तिथेच आहे. खरं तर नकाशाने फारसं भागतही नाही. डाउनटाउनचे रस्ते नदीच्या रोखाने तिरपे आखलेत, त्यामुळे उत्तर कुठे हे इथे मुरलेल्यांनाही चटकन सांगता येत नाही. आणि पूल, मग लॉबी, मग वळण, मग परत पूल, असं झालं की दिशा संपतेच. आईंनी स्वतःच्या खुणा केल्या. निळं कार्पेट संपलं की डावीकडे. पितळी कठडा आला की बँक. शेजारशेजारच्या इमारतींचे मजले नेहमी एका उंचीवर नसतात, म्हणून काही पूल चढतात, काही उतरतात. ते सगळे चढ आईंच्या गुडघ्यांना पाठ झालेत. "तो चढाचा पूल नको गं, दुसरीकडून जाऊ," म्हणतात, आणि दुसरीकडचा रस्ता त्यांना खरोखर माहीत असतो. मला नसतो.

त्यांचा मुक्काम ठरलेला, आयडीएस सेंटरचं क्रिस्टल कोर्ट. सत्तरच्या दशकात वास्तुविशारद फिलिप जॉन्सनने बांधलेली ही उंच काचेची इमारत, तिच्या पायथ्याशी काचेच्या उतरत्या छताचं मोठं अंगण, आणि चारही बाजूंनी पूल येऊन मिळतात. खाली बसून वर बघितलं की माणसं चारी दिशांना चाललेली दिसतात. साडेअकरा ते एक नुसती झुंबड. अडीचनंतर काउंटरवाले खुर्च्या उलट्या ठेवायला लागतात. कोविडनंतर बरेच लोक घरूनच काम करतात, त्यामुळे खरी गर्दी मंगळवार ते गुरुवार, सोमवार आणि शुक्रवार अर्धे. काचेला आतून कागद चिकटवलेली दुकानं बरीच आहेत. "हे पण गेलं का?" आई प्रत्येकापाशी थांबून विचारतात, ओळखीचं कुणी गेल्यासारख्या.

आणि मग तो रविवार. संध्याकाळी दोघी परत येत होतो. घर काचेतून समोर दिसत होतं. मधल्या एका इमारतीचं दार बंद. बाजूला पाटी, रविवारच्या वेळा. आमच्या इमारतीची वेळ निराळी, अलीकडच्या पुलाची निराळी, हिची त्याहून निराळी. जिना उतरून खालच्या दाराने बाहेर पडलो. दोनच ब्लॉक, पण अंगावर स्वेटर आणि शाल, आणि वारा असा की डोळ्यांतलं पाणी पापण्यांवरच गोठायला लागलं. आई काही बोलल्या नाहीत. लिफ्टमध्ये शिरल्यावर शाल झटकत म्हणाल्या, "अगं, हा रस्ता आहे की कुणाचं घर? वेळ झाली की रस्त्याला कुलूप लावतात?"

लावतात. कारण तो कुणाचं तरी घरच आहे. लेस्ली पार्क नावाचा इथला एक बिल्डर होता. 1956 मध्ये जवळच इडायनात साउथडेल मॉल उघडला, पूर्ण बंदिस्त, हिवाळ्यात गरम, उन्हाळ्यात गार. डाउनटाउनचं गिऱ्हाईक तिकडे वळायला लागलं. पार्कने 1962 मध्ये मार्केट (Marquette) अॅव्हेन्यूवरून पहिला पूल टाकला, आपल्या नॉर्थस्टार सेंटरपासून समोरच्या बँकेपर्यंत. (ती बँक 1982 च्या थँक्सगिव्हिंगला जळाली, तो पूलही आता नाही.) पुढच्यांनी आपापल्या पैशाने, आपापल्या आवडीने जोडत नेलं. म्हणून इथे एक पूल दुसऱ्यासारखा नाही, आणि दाराची वेळ ज्याच्या त्याच्या मर्जीची. थंडीत उबेला बसायचं तर ऑफिसचं कार्ड गळ्यात असलेल्याला कुणी हटकत नाही. चुरगळलेला कोट आणि चार पिशव्या घेऊन बसलेल्याला "काही खरेदी करायचंय का?" असं हटकलेलं मी पाहिलंय. आईंनीही पाहिलंय, त्यानंतर त्या तिथे बसताना कॉफीचा कप हातात धरून बसतात, रिकामा असला तरी.

मला स्कायवे हवाच आहे. नसता तर नोव्हेंबर ते मार्च मी या गावात टिकले नसते. पण "आमचं डाउनटाउन हिवाळ्यातही सगळ्यांना खुलं" असं कुणी म्हणालं की मला ती पाटी आठवते.

आता आई निघण्याआधी विचारतात, "आज कितीला बंद?" आणि कोट पिशवीत घालून नेतात. मी त्यांना सांगितलं की पलीकडे सेंट पॉलमध्येही स्कायवे आहेत, ते शहराच्या अखत्यारीतले, सगळे साधारण एका धाटणीचे, आणि वेळाही शहरच ठरवतं. त्यांना ते एकदम पटलं. येत्या शनिवारी बघायला जायचं ठरलंय. दारं तिथेही रात्री बंदच होतात, हे मी अजून सांगितलेलं नाही.