एका फेरीला पाऊण तास

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्हीच कशाला, आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांचं विचारून झालंय: "काकू, शिवाजी पार्कला एक फेरी मारायला तुम्हाला पाऊण तास कसा लागतो?" फेरी जेमतेम सव्वा किलोमीटरची. भराभर चालणारे तेवढ्यात तीन मारून घरी चहाला बसतात.

साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी जोरात चालायला सांगितलं होतं. दोन महिने चाललेही. मग गुडघ्यानं नोटीस दिली. तेव्हापासून सावकाश चालते आणि काही दिसलं की उभी राहते. उत्तर खरं तर एवढंच आहे. पण काय दिसतं, ते सांगायला हवं.

आमच्या गल्लीत साडेसहाच्या सुमारास पालिकेच्या एक बाई झाडायला येतात. लांब दांड्याचा खराटा, तोंडाला बांधलेली ओढणी. मी जवळ आले की खराटा थांबतो, चार पावलं पुढे गेले की पुन्हा सुरू. मला वाटायचं, बाई दमत असतील बिचाऱ्या. माझ्या अंगावर धूळ उडू नये म्हणून त्या थांबतात, हे कळायला मला दीड वर्ष लागलं! तेही एकदा सहज मागे वळून पाहिलं म्हणून. माझ्या मागून येणाऱ्या आजोबांसाठी खराटा थांबला होता, मग शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या पोरासाठी थांबला. सकाळभरात असा किती वेळा थांबत असेल? वाटणीचा पट्टा वेळेत संपवायचा असतो, मुकादम विचारतो, आणि ही थांबण्याची मिनिटं कुठल्याच हजेरीत धरत नाहीत. आता मी लांबूनच रस्ता ओलांडून पलीकडे होते. त्या मान हलवतात. आमचं बोलणं अजून झालेलं नाही.

पेपरवाल्याचंही तसंच. सगळ्यांचे पेपर खालून भिरकावतो, नेम पक्का. फक्त पहिल्या मजल्यावरच्या एका आजींचा जिना चढून दाराच्या ग्रिलमध्ये कमरेच्या उंचीला खोचतो, कारण त्यांना वाकता येत नाही.

मग कट्टा. मैदान १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं तेव्हा ते माहीम पार्क होतं. पालिकेच्या सभासद अवंतिकाबाई गोखले यांनी आग्रह धरला आणि १९२७ साली त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. आजकाल दुकानदार पायऱ्यांवर कोणी टेकू नये म्हणून लोखंडी खिळे ठोकतात, आणि इथे अख्ख्या मैदानाभोवती फुकट टेकायची सोय आहे! पावसाळ्यात तिथे एक गृहस्थ जुना पंचा घेऊन येतात. आपली जागा पुसतात, मग शेजारची पुसतात. शेजारी कोणी नसतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "येतं हो कोणी ना कोणी." त्या दिवशी मीच आले होते.

आता तुम्ही म्हणाल, मग कबुतरांना दाणे टाकणारेही दयाळूच की. इथे माझं भांडण आहे. ऑगस्ट २०२५मध्ये, कबुतरांना दाणे घालण्यावरच्या बंदीचं प्रकरण हायकोर्टात चालू असताना पालिकेनं दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली आणि काहींनी ती ओढून काढली. तेव्हा आमच्याकडे घरोघरी वाद झाले. माझ्या भावजयीनं तर माझ्याशी आठवडाभर अबोला धरला. दाणे टाकणारा पुण्य घेऊन घरी जातो. खिडकीची घाण काढते वरच्या मजल्यावरची बाई आणि खोकत बसतात तिचे सासरे. खराटेवाल्या बाईंना निदान समोरून कोण येतंय ते दिसतं.

परवा त्या रजेवर होत्या. बदलीवर एक तरुण मुलगा आला होता, कानात इअरफोन, खराटा धडाक्यात. मी शिंकले, खोकले, हात केला; त्याचं लक्षच नव्हतं. घरी येऊन डोक्यावरून अंघोळ करावी लागली.

आणि हो, त्या दिवशी फेरी वीस मिनिटांत झाली.